संगणकातील पाण्याची निगा

पाणी आणि वीज एकमेकांपासून दूर ठेवावी, असे आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून सांगत असतो. मग संगणकाच्या पेटीत, चालू विद्युत मंडलापासून दोन बोटांच्या अंतरावर, नळ्यांमधून मुद्दाम पाणी खेळवायचे, ही कल्पना कोणालाही विचित्र वाटेल. पण अशी सोय असलेले संगणक आता मोठ्या शहरांपुरते उरलेले नाहीत. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावात लग्नाच्या चित्रफिती संपादित करणारा एखादा तरुण किंवा अभियांत्रिकीला गेलेला आपला माजी विद्यार्थी असा संगणक बाळगून असू शकतो. एप्रिल-मे महिन्यात तो शाळेत येऊन विचारेल, "सर, आत पाणी फिरते म्हणतात, तरी हा तापून बंद का पडतो?" जाणकार कारागीर गाठायचा तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर. आणि चुकीचे पाणी भरून झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला संगणकशास्त्र फारसे लागत नाही. आठवी ते दहावीच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पुरते. ते कसे, ते पाहू या.

उष्णता किती आणि कोठे?

संगणकातील आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपला प्रोसेसर म्हणतात. तिला मिळणारी जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा शेवटी उष्णतेत बदलते. साध्या कामाच्या संगणकात ही उष्णता ६५ वॅटच्या आसपास असते. चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय चित्रे तयार करणाऱ्या शक्तिशाली संगणकात ती २०० वॅटपर्यंत जाते.

२०० वॅट म्हणजे फार नव्हे, कपड्यांची इस्त्री ७५० वॅटची असते, असे कोणी म्हणेल. पण क्षेत्रफळाचा विचार करा. इस्त्रीचा तळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. प्रोसेसरमधील सिलिकॉनचा तुकडा अवघा दोन-तीन चौरस सेंटिमीटरचा. तेथे दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० वॅट उष्णता निर्माण होते. इस्त्रीच्या तळापेक्षा पंधरा-वीसपट! ही उष्णता तत्काळ हलवली नाही तर चिपचे तापमान काही सेकंदांतच ९० ते १०० अंश सेल्सियसवर जाते. मग ती स्वतःहून कामाचा वेग कमी करते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक बंद पडतो. बंद पडणे हा येथे बिघाड नसून बचाव आहे.

हवेऐवजी पाणी कशासाठी?

साध्या संगणकात प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवून त्यावर पंखा लावतात. हवा ती उष्णता नेते. पण हवा ही उष्णतेची फारशी चांगली वाहक नाही, आणि तिची धारकताही थोडी. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला ४.२ ज्यूल उष्णता लागते, तर १ ग्रॅम हवेला सुमारे १ ज्यूल. शिवाय एक लिटर पाणी १००० ग्रॅमचे, तर एक लिटर हवा जेमतेम सव्वा ग्रॅमची.

आता हिशेब करू. मिनिटाला १ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ ग्रॅम पाणी प्रोसेसरवरून वाहत आहे. ते सेकंदाला २०० ज्यूल उष्णता घेते. म्हणून

तापमानातील वाढ = २०० ÷ (१७ × ४.२) = सुमारे ३ अंश.

हेच काम ३ अंशांच्या वाढीत हवेकडून करून घ्यायचे तर मिनिटाला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा त्या छोट्याशा जागेवरून न्यावी लागेल. पाण्याचा उपयोग कोठे आहे, हे यावरून ध्यानात येते. हा ३ अंशांचा आकडा लक्षात ठेवा. पुढे बिघाड शोधताना तो उपयोगी पडणार आहे.

या योजनेचे भाग चार. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा पोकळ ठोकळा, ज्याच्या आत केसासारख्या बारीक खाचा असतात; पाणी फिरवणारा छोटा पंप; नळ्या; आणि गाडीत असते तसे पण लहानसे रेडिएटर, ज्याच्या जाळीतून पंखे हवा ढकलतात. ट्रॅक्टरचे इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवे काही नाही. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनांना तर उपसलेल्या पाण्यातूनच एक नळी जोडलेली असे. पाणी इंजिनातून फिरून गरम होऊन पाटात पडे. संगणकात मात्र तेच थोडे पाणी पुनःपुन्हा फिरते. निगेचे सारे प्रश्न या 'पुनःपुन्हा'मुळे निर्माण होतात.

संगणकाला पाण्याने थंड ठेवणे ही तशी जुनी युक्ती आहे. १९८० साली जाहीर झालेल्या 'आयबीएम ३०८१' या मोठ्या संगणकात ती होती. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे 'आयसर'मध्ये, २०१९ साली सुरू झालेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवशीतनावर चालणारा आहे.

पाणी उष्णता नष्ट करत नाही

पाणी फिरते म्हणजे संगणक आपोआप 'गार' राहतो, हा एक मोठा गैरसमज आहे. पाणी उष्णतेचे फक्त हमाल आहे. प्रोसेसरवरून उचललेले ओझे ते रेडिएटरपाशी उतरवते, आणि तेथून पुढे ते हवेलाच न्यावे लागते. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, म्हणून रेडिएटरमधील पाणी खोलीतील हवेपेक्षा गरम असल्याशिवाय उष्णता बाहेर पडणारच नाही.

समजा, पूर्ण काम चालू असताना पाणी खोलीपेक्षा १२ अंशांनी गरम राहते. जानेवारीत खोलीचे तापमान २० अंश असेल तर पाणी ३२ अंशांवर स्थिरावेल. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४२ अंश असतील तर पाणी ५४ अंशांवर. आता रेडिएटरची जाळी धुळीने भरली आणि तिची क्षमता निम्मी झाली, असे धरा. तेवढीच उष्णता बाहेर टाकायला आता दुप्पट फरक लागेल, म्हणजे २४ अंश. जानेवारीत पाणी ४४ अंशांवर राहील आणि कोणाची काही तक्रार असणार नाही. मे महिन्यात मात्र ते ६६ अंशांवर जाईल. अशा अनेक संचांच्या पंपांना व नळ्यांना ६० अंशांच्या आसपासची मर्यादा घालून दिलेली असते.

म्हणजे बिघाड पौषातच झालेला असतो, तो कळतो वैशाखात. कपाशीच्या वेचणीचे तंतू आणि कोरड्या वाऱ्याची माती हिवाळ्यापासून जाळीत साठत असते. पाणी बदलून हा त्रास जाणार नाही. मऊ ब्रशने जाळी साफ केली की तो जातो.

येथे मुले हमखास दोन प्रश्न विचारतात. माठातले पाणी खोलीपेक्षा गार असते, मग हे का नाही? कारण माठातून पाणी पाझरून बाष्प होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. संगणकातील पाणी बंदिस्त आहे, त्याचे बाष्पीभवन होत नाही. दुसरा प्रश्न, मग नळीभोवती बर्फ ठेवला तर? तसे मुळीच करू नये. पावसाळी दमट हवेत दवबिंदू तापमान २२ अंशांच्या वर असू शकते. त्याहून थंड झालेल्या ठोकळ्यावर, गार पाण्याच्या पेल्यावर जमतात तसे थेंब जमतील आणि ते थेट विद्युत मंडलावर पडतील.

कोणते पाणी भरावे?

मराठवाड्यातील बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या थरांतून येते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. हेच आपले दुष्फेन पाणी. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर साचणारा पांढरा थर सर्वांनी पाहिला आहे. पाणी तापले की बायकार्बोनेटाचे कार्बोनेट होते आणि ते घन स्वरूपात बाहेर पडते. संगणकात सर्वांत गरम जागा कोणती? प्रोसेसरवरच्या ठोकळ्यातील त्या केसासारख्या खाचा. थर नेमका तेथेच बसणार.

एक लिटर पाण्यात ८०० मिलिग्रॅम क्षार असले तर एकदा भरलेल्या पाण्यातून एक ग्रॅमही क्षार मिळत नाहीत, हे खरे. पण खाचा अतिशय अरुंद असतात. शिवाय पाणी थोडे उडाले की आपण पुन्हा तेच पाणी वरून घालतो. पाणी जाते, क्षार मागे राहतात, आणि दर वेळी त्यांत भर पडते.

म्हणून ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणीच वापरावे. गावात ते कोठे मिळेल, ही अडचण नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते 'बॅटरीचे पाणी' हे याच प्रकारचे असते. बाटलीचे झाकण सीलबंद आहे ना, ते पाहावे. बॅटरीत भरण्याचे आम्ल ही अगदी निराळी आणि धोक्याची वस्तू आहे. दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. जारचे शुद्ध पाणी पिण्यास योग्य असले, तरी त्यात काही क्षार राहू दिलेले असतात. त्यामुळे ते या कामाचे नाही.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, मग ते गळले तरी चालेल का? नाही. धातू आणि हवेतील कर्बवायू यांच्या संपर्कात शुद्ध पाणी फार काळ शुद्ध राहत नाही. शिवाय मंडलावर पडताच तेथील धुळीतले क्षार त्यात विरघळतात. गळती ही कोणत्याही पाण्याची असो, घातकच.

जालन्याच्या भट्टीतील तोच धडा

जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे भंगार लोखंड वितळवायला प्रवर्तन भट्ट्या वापरतात. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. त्यातून मोठा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे भंगारात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते १६०० अंशांच्या आसपास वितळते. वेटोळे स्वतः वितळू नये म्हणून नळीच्या पोकळीतून सतत पाणी फिरवतात. हे पाणीही क्षारमुक्तच लागते. वेटोळ्याच्या निरनिराळ्या फेऱ्यांमध्ये विद्युत दाबाचा फरक असतो, आणि क्षारयुक्त पाणी वाहक असल्यामुळे त्यातून वीज वाहू लागते व तांबे झिजते. क्षाराचा थर बसून नळी तुंबली तर वेटोळे जळते आणि पाणी वितळलेल्या लोखंडाला भिडून स्फोट होऊ शकतो. म्हणून तेथे पाण्याची वाहकता, दाब आणि तापमान यांवर सतत लक्ष असते.

प्रमाण सोडले तर तत्त्व एकच आहे. एक फरक मात्र विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. वीज गेल्यावर भट्टीसाठी पाण्याची वेगळी तातडीची सोय ठेवावी लागते, संगणकासाठी का लागत नाही? भट्टीतील वितळलेल्या धातूत उष्णता साठलेली असते, वीज गेली तरी ती राहते. संगणकात मात्र वीज हाच उष्णतेचा उगम आहे. वीज आणि उष्णता एकाच क्षणी थांबतात.

दोन धातू, एक पाणी

तांबे आणि जस्ताच्या पट्ट्या लिंबात खुपसून विद्युत घट करण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. संगणकातील ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे असेल, तर नकळत असाच घट तयार होतो. प्रमाण विभवांच्या तक्त्यात तांबे +०.३४ व्होल्टवर आणि ॲल्युमिनियम -१.६६ व्होल्टवर आहे. पाण्यात थोडे आयन असले की ॲल्युमिनियम झिजू लागते. त्याचा करडा गाळ खाचांत अडकतो आणि कालांतराने रेडिएटरला बारीक भोके पडतात. कारखान्यातच सीलबंद केलेल्या काही संचांत हे दोन्ही धातू असतात, पण त्यांच्या द्रवात क्षरणरोधक रसायने घातलेली असतात. असा संच उघडून त्यात नुसते पाणी भरणे म्हणजे ते संरक्षण काढून घेणे होय. सुटे भाग आणून संच जोडणाऱ्याने सर्व भाग तांबे-पितळ याच कुळातले घ्यावेत.

शेवाळ मारायला मोरचूद घालण्याचा मोह शेतकरी घरातल्या मुलाला होणे स्वाभाविक आहे. तो टाळावा. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांबे चढते, हा प्रयोग आठवा. ॲल्युमिनियमवरही तांब्याचे कण असेच बसतात आणि प्रत्येक कणाभोवती झिजेचे छोटे केंद्र तयार होते. शेवाळाला प्रकाश लागतो. म्हणून अपारदर्शक नळ्या वापरणे, संगणक उन्हाच्या तिरिपेत न ठेवणे आणि या कामासाठीच बनवलेले तयार द्रव वापरणे, हे मार्ग अधिक बरे. अशा काही द्रवांत इथिलिन ग्लायकॉल असते. ते विषारी असल्याने मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

निगा कशी राखावी?

सीलबंद संच. यात पाणी बदलायचे नसते. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि उन्हाळ्यापूर्वी हमखास, जाळी व पंखे साफ करावेत. वीज बंद करून, पिन काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रश किंवा हातपंखा-ब्लोअर वापरावा. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, कारण तिच्याबरोबर पाण्याचे व तेलाचे तुषार येतात. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असावा. बुडबुडे वर चढतात. पंपच सर्वांत उंच असेल तर हवा त्यात अडकते आणि तो खरखरू लागतो. सायकलच्या ट्यूबमधून हवा जशी महिन्यागणिक कमी होते, तसेच नळ्यांच्या रबरातून पाण्याचे रेणू अतिशय सावकाश बाहेर पडत असतात. म्हणून पाच ते सात वर्षांनी असा संच बदलावा लागेल, हे गृहीत धरावे.

स्वतः जोडलेला संच. याचे पाणी साधारण वर्षातून एकदा बदलावे. वीज तोडून जुने पाणी काढावे, क्षारमुक्त पाण्याने दोन-तीन वेळा विसळावे आणि नवे पाणी सावकाश भरावे. बुडबुडे निघून जावेत म्हणून पेटी हलकेच कलती करावी. त्यानंतर बाकी संगणकाला वीज न देता फक्त पंप स्वतंत्रपणे चोवीस तास चालवावा. प्रत्येक सांध्याखाली टिपकागद ठेवावा. कागद कोरडा राहिला तरच संगणक सुरू करावा. हे चोवीस तास वाचवण्यात शहाणपण नाही.

ठोकळा काढला असेल तर प्रोसेसरवरील जुने उष्णतावाहक मलम पुसून तुरीच्या डाळीएवढे नवे लावावे. दोन धातूंमधील फटीत हवा राहू नये, एवढेच त्याचे काम.

बिघाड ओळखताना नळ्यांना हात लावून पाहा. पाणी नीट वाहत असेल तर दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच कोमट लागतील, कारण फरक अवघा ३ अंशांचा. एक नळी चांगलीच गरम आणि दुसरी गार लागली, तर प्रवाह फार मंदावला आहे. तो एक दशांश झाला तर फरक ३० अंशांवर जातो. दोन्ही सारख्या आणि गरम असतील तर जाळीत धूळ असणार. प्रोसेसर तापलेला आणि दोन्ही नळ्या गार, असे असेल तर पंप थांबला आहे किंवा मलम सुकले आहे.

वर्गात करण्यासारखे प्रयोग

१. स्टीलच्या तीन सारख्या वाट्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर बोअरचे, जारचे आणि बॅटरीचे पाणी घ्या. जाळीने झाकून उन्हात आटू द्या. तळाशी काय उरले त्याची तुलना करा.

२. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची पट्टी मिठाच्या पाण्यात एकमेकींना न टेकवता उभी करा. मल्टिमीटरवर सुमारे अर्धा व्होल्ट दिसेल. आता विद्युतधारा मोजा. नंतर बोअरच्या आणि बॅटरीच्या पाण्यात तेच करा. धातू तेच असूनही धारा का घटते, हे मुलांना शोधू द्या.

३. पाणी शुद्धीकरण यंत्र बसवणाऱ्याकडे क्षार मोजण्याचे छोटे यंत्र असते. ते मिळाल्यास संगणकात भरण्यापूर्वीच्या आणि वर्षानंतर काढलेल्या पाण्याची नोंद घ्या. आकडा बराच वाढला असेल तर आतले धातू झिजत आहेत, असे समजावे.

शाळेच्या संगणक कक्षासाठी अशी सोय घ्यावी का, असे कोणी विचारले तर बहुतेक शाळांसाठी उत्तर 'नको' असेच आहे. ६५ वॅटच्या संगणकाला पंखा पुरतो. पंप, नळ्या आणि सांधे जितके कमी, तितकी निगा कमी. त्यापेक्षा मार्चमध्ये परीक्षांच्या गडबडीआधी एक शनिवार काढून कक्षातील प्रत्येक संगणकाची धूळ साफ करावी, पेट्या भिंतीपासून वीतभर दूर सरकवाव्यात आणि दुपारी खोलीचे तापमान फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्याचे काम मुलांकडे द्यावे. त्या आकड्यांवरूनच मे महिन्यात कोणता संगणक कुरकुरणार, हे मुले आधी सांगू लागतील.